सरांची हवा

सर दार उघडायला लागले की मागे रांग लागायची. बेकरी असो, हॉस्पिटल असो, कुणाचं घर असो. ते कोपराने हँडल खाली दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि मग दार इतकं हळूहळू आत ढकलायचे की जणू पलीकडे एखादं तान्हं बाळ झोपलं असावं. जानेवारीत बेकरीच्या दारात बोचरा वारा अंगावर घेत उभी असलेली डच माणसं आधी सरांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी सरांसोबत नाहीच असं दाखवायला बघायचे, पण त्या रांगेत सावळे आम्ही दोघंच. ते काही जमायचं नाही.

“दार म्हणजे पंखा असतो,” सर मागे वळून मोठ्याने मराठीत सांगायचे. “धाडकन उघडलं की खोलीतली हवा आपल्या पाठोपाठ बाहेर येते. आणि हवेत काय काय असतं ते तुला सांगायला नको.”

मला खरंच सांगायला नको होतं. हॉस्पिटलच्या आयसोलेशन वॉर्डात फ्लूसारख्या आजारांचे विषाणू कुठे कुठे जाऊन बसतात हे शोधणं, हेच आमचं काम होतं. सर त्यातले मोठे, मी त्यांच्या हाताखाली. एका यंत्राने खोलीतली हवा ओढून घ्यायची. कापूस गुंडाळलेल्या काड्या पलंगाच्या कठड्यावर, घंटीच्या बटणावर, टीव्हीच्या रिमोटवर, छताजवळच्या जाळीवर फिरवायच्या आणि तपासायला लॅबमध्ये न्यायच्या. मी लोकांना सांगायचे, “मी संशोधन करते.” सर सांगायचे, “आम्ही पुसतो.”

सर मूळचे मिरजेचे. त्या गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी, दवाखाने आणि तानपुरे. सरांनी दोन्हींतलं थोडं थोडं उचललं होतं. ते सतत गुणगुणायचे. मास्कच्या आत गुणगुणायचे, त्यामुळे नेमका कुठला राग ते कधीच कळायचं नाही. बंद डब्यात भुंगा अडकला असावा तसं वाटायचं. मी डेल्फ्टला मास्टर्स करून इथे नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “हे बघ, या देशात सर-बिर कुणी नसतं. मला नावाने हाक मारायची.” मी प्रयत्न केला. नाव ओठांपर्यंत आलं आणि बाहेर पडलं ते “सर” म्हणूनच. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “ठीक आहे. निदान तोंडातून थेंब तरी कमी उडतात.”

थेंबांचं त्यांना फार होतं. इथे ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक आणायची पद्धत आहे, आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर आजूबाजूच्या सगळ्यांचं अभिनंदन करायची पद्धत आहे. सर सगळ्यांचं अभिनंदन करायचे, गालाला गाल मात्र कुणालाच लावू द्यायचे नाहीत. मेणबत्ती विझवायच्या आधी ते पुढे होऊन केकचा एक कोपरा कापून घ्यायचे. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, “फुंकरीआधीचा तुकडा.” आमच्या विभागप्रमुखांना सुरुवातीला हे भयंकर उद्धट वाटलं. वर्षभरात तेही गुपचूप सरांच्या मागे प्लेट घेऊन उभे राहायला लागले.

मराठी मंडळाच्या गणपतीत सर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र खिशात घेऊन यायचे. आरतीला हॉल भरला की ते यंत्र काढून बघायचे आणि घाईघाईने खिडक्या उघडत सुटायचे. एकदा तर “सुखकर्ता” चालू असताना मध्येच ओरडले, “अहो, देवसुद्धा गुदमरलाय!” त्याच मंडळात त्यांना मुलांसमोर विषाणूंवर बोलायला बोलावलं होतं. मुलं इथलीच, मराठी समजणारी पण उत्तर डचमध्ये देणारी. सरांनी विचार केला, सोपं करून सांगावं. त्यांनी संक्रांतीचा काटेरी हलवा हातात धरला आणि म्हणाले, “विषाणू अगदी असा दिसतो.” मुलं खूश झाली. मात्र त्यानंतर मंडळातल्या एकाही मुलाने हलव्याला हात लावला नाही, आणि बोरन्हाणाला एका पोरीने डोक्यावर हलवा पडताच असा टाहो फोडला की तिची आई सरांशी कित्येक दिवस बोलली नाही.

त्यांचं एक वाक्य होतं, जे आमच्या कामात रोज लागायचं. “सापडला म्हणजे जिवंत आहे असं नाही.” अर्थ असा, की कठड्यावर विषाणूची खूण मिळाली तरी तो अजून कुणाला आजारी पाडू शकतो की नुसतं त्याचं मढं तिथे पडलंय, हे आमच्या तपासणीत कळत नाही. सर हे वाक्य कुठेही वापरायचे. एकदा मीटिंगमध्ये मी कुजबुजले, “ते वरिष्ठ सल्लागार कोपऱ्यात बसलेत बघा.” सर म्हणाले, “सापडला म्हणजे जिवंत आहे असं नाही.”

डेल्फ्टच्या प्रयोगशाळेतला प्रसंग मी कधी विसरणार नाही. तिथे सरांचा एक डच मित्र होता, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. त्याच्याकडे काळ्या रंगाची एक मोठी पेटी होती. तिच्या भोकातून बोललं की आतल्या लेझरच्या उजेडात तोंडातून उडालेले थेंब चमकताना दिसायचे. दोघांचा वाद असा, की बोलताना जास्त थेंब कुठली भाषा उडवते. प्राध्यापकाचं म्हणणं, आमच्या डचमधला तो घशातला ख, त्याला तोड नाही. सर म्हणाले, “तुमचा ख घशात अडकतो. आमचे फ आणि भ थेट बाहेर येतात.”

मग मॅच झाली. प्राध्यापकाने डच लोकांनाही नीट जमत नाहीत अशी गावांची नावं घशातून खरडून काढली. पेटीत थोडे ठिपके चमकले. सर पुढे सरसावले आणि म्हणाले, “भोपळा. फणस. फाफटपसारा.” ठिपके वाढले. सरांना चेव आला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गर्जना केली, “फुफ्फुस!” मग भोकापासून तोंड बाजूला करून मला म्हणाले, “बघ आपली भाषा. अवयवाच्या नावातच त्याचं काम भरलंय.”

तरी निकाल अटीतटीचा होता. दोघं आकड्यांवरून भांडत बसले. मला डेल्फ्टहून परतीची ट्रेन गाठायची होती. मी त्या भोकाशी वाकून हळूच विचारलं, “झालं का?”

पेटी दिवाळीसारखी उजळली.

दोघंही आकडे सोडून पेटीवर वाकले. प्राध्यापकाने मला तेच परत म्हणायला लावलं. परत तेच. काही माणसं साधं बोलतानाही इतरांच्या कितीतरी पट थेंब उडवतात, का ते कुणाला नीट माहीत नाही. आणि त्या खोलीतलं तसं माणूस मी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं ते आदराने, पण दोन पावलं मागे सरकून. त्या दिवसापासून पुढे कायम ते माझ्याशी तिरके उभे राहून बोलायचे. नवीन लोकांना वाटायचं आमचं भांडण आहे.

अशा माणसाला फ्लू व्हावा, आणि तो वाढून न्यूमोनिया व्हावा, याला काय म्हणायचं. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, आधी झाला. सरांनी त्यांना वरच्या खोलीत ठेवलं, खिडक्या उघड्या, दोघं फोनवर बोलायची. तरीही तो जिना उतरून सरांपर्यंत आलाच. सरांना जुना दमा. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरने, एकदा छाती तपासली आणि थेट हॉस्पिटलला फोन लावला. आमच्याच हॉस्पिटलला. आमच्याच वॉर्डात. आम्ही वर्षभर जी खोली पुसत होतो, त्याच खोलीत.

पहिले दोन दिवस वाईट गेले. मी गाऊन, मास्क, चष्मा चढवून आत जायचे. सर ऑक्सिजनवर होते. ते गुणगुणत नव्हते. त्या खोलीत यंत्रांचे आवाज होते, पण तो भुंगा नव्हता, आणि मला रडू यायला लागलं की चष्म्यावर वाफ धरायची. तिसऱ्या दिवशी मी आत गेले तर सरांनी डोळे उघडले. त्यांनी बोटाने खूण करून मला जवळ बोलावलं, मग लगेच दुसऱ्या बोटाने थोडं बाजूला, तिरकं उभं राहायला सांगितलं. मास्क जरा सरकवून ते पुटपुटले, “यंत्र आण.”

“कुठलं यंत्र?”

“हवेचं. अगं, इतका सहकार्य करणारा पेशंट तुला परत कधी मिळणार?”

मला कळलं, माणूस वाचला.

तो वाचला आणि वॉर्डाची शांती गेली. तिथली मुख्य नर्स विल्मा. उंच, खणखणीत आवाजाची, कामात एक नंबर. एरवी ती सरांना नावाने हाक मारायची, “तू” म्हणायची. सर पलंगावर आडवे झाल्यावर ती “मेनेर” म्हणायला लागली, म्हणजे “महोदय”. आणि सरांना न्यूमोनियापेक्षा तेच जास्त लागलं.

आयसोलेशनच्या खोलीला बाहेर एक छोटी खोली असते, तिला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कालव्यात बोटी चढवायला-उतरवायला जी दोन दारांची कोंडी असते, तिचं नाव स्लाउस, आणि या खोलीलाही तेच नाव आहे. विल्मा त्या स्लाउसमधून आत आली की सर घड्याळ बघायचे.

“फार जोरात उघडलंत दार.”

“मेनेर, मी नेहमी असंच उघडते.”

“म्हणूनच सांगतोय.”

मग त्यांनी तिला मास्क ग्लोव्ह्जने सारखा केला म्हणून टोकलं. मग घंटी वाजवून बोलावलं आणि घंटीचं बटण पुसलंय का विचारलं. मग खोकला आला की आधी घंटी वाजवायला लागले, कारण “नमुना ताजा हवा.” शेवटी एकदा विल्मा पलंगाच्या पायाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मेनेर, तुम्ही पेशंट आहात. पेशंट झोपतात. जमेल?”

“नाही.”

“मग निदान तोंड मिटा. ते तुमच्या शास्त्रातही बसतं.”

यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. ती गोळ्या ठेवायची, ते छताकडे बघायचे. डॉक्टर म्हणाले, प्रकृती सुधारतेय. वॉर्डातले सगळे म्हणाले, हवा फारच तंग आहे.

त्यातच संक्रांत आली. काकू अजून घरी खोकत होत्या, पण त्यांच्या आजारपणात मदतीला आलेल्या त्यांच्या बहिणीने तिळगूळ केला. त्या बहिणीच्या हातचा पाक जरा जास्तच व्हायचा, त्यामुळे लाडू म्हणजे गोटे. मी डबा विल्माकडे दिला, तिने तो आत नेला. काकूंनी फोनवर सरांना बजावलं होतं, सणासुदीला कुणाशी अबोला धरायचा नसतो, आधी त्या नर्सला तिळगूळ द्या. आत काय झालं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी वॉर्डात नेहमीप्रमाणे काड्या फिरवल्या. सरांच्या खोलीत सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. त्यांच्या कठड्यावर, फोनवर, जाळीवर विषाणू. बाहेरचा कॉरिडॉर स्वच्छ. दारांची हँडलं स्वच्छ. आणि नर्सेसच्या कॉफीच्या खोलीतल्या टेबलावर विषाणू. त्या काडीला एक तीळ चिकटला होता. इथल्या पावावरही तीळ असतात, म्हणून मी तो झटकून टाकला होता.

त्याच दिवशी विल्मा तापाने घरी गेली.

आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सरांच्या समोरच्या खोलीत एक आजोबा होते, आयुष्यभर मालवाहू बोट चालवलेले. रक्ताचा कॅन्सर होता, उपचार चालू होते, आणि त्यांना साधी सर्दीही परवडणार नव्हती. विल्मा त्यांच्याही खोलीत जायची. त्यांना तपासलं, बाकीच्यांना तपासलं, नवीन पेशंट घेणं थांबवलं. आजोबांच्या मुलीला भेटायची मनाई झाली. ती काचेच्या पलीकडे हात हलवत उभी राहायची आणि आजोबा तिला खुणेने घरी जा म्हणायचे. विभागप्रमुख चिडले होते. विषाणू आयसोलेशनच्या खोलीतून कॉफीच्या खोलीत चालत जात नाही. विल्माने ग्लोव्ह्ज नीट काढले नसणार, असं सगळे बोलायला लागले. विल्माबद्दल असं कधी कुणी बोललं नव्हतं.

आजोबांची तपासणी पुन्हा पुन्हा झाली. ती दर वेळी स्वच्छ आली आणि शेवटी सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. पण दोष कुणाचा ते ठरायचं होतं. विल्मा बरी होऊन कामावर आली त्या आठवड्यात मीटिंग ठेवली. सर तोवर घरी गेले होते, पण मफलर, मास्क आणि वर आणखी एक मफलर अशा थाटात ते हजर झाले. विभागप्रमुखांनी सुरुवात केली, “ग्लोव्ह्ज काढण्याच्या पद्धतीबद्दल…”

“थांबा,” सर म्हणाले. “ग्लोव्ह्जचा संबंध नाही. मी तिला लाडू दिला.”

“काय दिलंत?”

सरांनी समजावून सांगितलं. तीळ, गूळ, सण, अबोला. “माझ्याच हाताने दिला. त्याआधी मी खोकलो होतो. त्या हाताने. मी तिला म्हटलं, घे आणि आता नीट बोल. हवा आणि पृष्ठभाग या विषयावर मी जगभर भाषणं देतो, आणि मी पृष्ठभागच तिच्या हातात ठेवला. गोल करून.”

विभागप्रमुखांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विल्मा उभी राहिली.

“त्याने दिला, पण खायचा की नाही ते माझ्या हातात होतं,” ती म्हणाली. “नियम मला माहीत आहे. आतलं खाणं बाहेर आणायचं नाही. मी तो खिशात घालून कॉफीच्या खोलीत नेला.”

“पण का?” विभागप्रमुखांना खरंच कळत नव्हतं.

विल्मा जरा लाल झाली. “तो हात पुढे करून बसला होता. आठवडाभर माझ्याशी भांडणारा माणूस. मी नाही म्हटलं असतं तर…” तिने वाक्य सोडून दिलं. “आणि तो फुटेना. मी टेबलाच्या कडेवर आपटला. तीनदा. मग अर्धा खाल्ला.”

“अर्धाच?” सरांनी लगेच विचारलं. “आवडला नाही?”

“फार छान होता.”

“दगड होता. मला माहीत आहे.”

“हो,” विल्मा म्हणाली. “दगड होता. पण छान.”

विभागप्रमुखांनी कपाळ चोळलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हसू दाबायला गेलं आणि ते नाकातून बाहेर आलं, आणि मग मीटिंगमध्ये राम राहिला नाही. तरी हॉस्पिटल ते हॉस्पिटल. निर्णय झाला की दोघांनी संसर्ग टाळण्याचा प्राथमिक वर्ग पुन्हा करायचा, नव्याने लागलेल्या नर्सेससोबत. एरवी तो वर्ग सर स्वतः घ्यायचे. आता ते विद्यार्थी असल्यामुळे तो मी घ्यायचा असं ठरलं.

त्या सकाळी मी टिपणं दोनदा वाचून वर्गात गेले. सर आणि विल्मा पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं तशी सरांनी आपली खुर्ची जराशी तिरकी केली. विल्माने विचारलं, “असं का बसतोस?” सरांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. विल्माने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही खुर्ची तिरकी केली.

शेवटी परीक्षा. प्रत्येकाने हाताला एक खास मलम चोळायचं, मग साबणाने हात धुवायचे, आणि जांभळ्या दिव्याच्या डब्यात घालायचे. कुठे धुवायचं राहिलं असेल तर तेवढाच भाग चमकतो. नव्या नर्सेस एकेक करून पास झाल्या. विल्माचे हात आत गेले, काळेशार, कुठे ठिपका नाही. मग सर बाह्या सरसावून आले. गुणगुणत त्यांनी हात आत घातले.

उजवा हात स्वच्छ. डाव्या हाताचा अंगठा बुडापासून टोकापर्यंत काजव्यासारखा चमकत होता.

“दिवा बिघडलाय,” सर म्हणाले.

विल्माने शेजारून आपला हात पुन्हा आत घातला. काळाशार. “दिवा उत्तम आहे,” ती म्हणाली.

सर मराठीवर आले. “अगं, मीच शिकवलंय तुला हे सगळं. बघ ना काही जमतंय का.”

माझे कान तापले. सगळ्या नव्या मुली आमच्याकडे बघत होत्या. “सर,” मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात परत यावं लागेल.”

सरांनी माझ्याकडे एकटक पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. आणि मग ते सगळ्या वर्गाकडे वळले, अंगठा उंच धरला, आणि त्यांच्या मिरजी डचमध्ये अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “हिने मला नापास केलं! बघा! हिला मी शिकवलंय!”

पुढच्या महिन्यात ते वेळेआधी आले, केसांना तेल लावून, बाह्या आधीच दुमडून. मागोमाग विल्मा आली आणि त्यांच्या शेजारी बसली. ती पहिल्याच खेपेला पास झाली होती, तिला यायचं काही कारणच नव्हतं. मी तिला तसं म्हटलंही.

“माहीत आहे,” विल्मा म्हणाली. “आज माझी सुट्टी आहे. मी याचा अंगठा बघायला आलेय.”